नागपूरच्या उन्हाळ्यासाठी घर बांधताना जुन्या युक्त्यांपैकी नेमके काय घ्यावे?

बेसा_१५०० (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेसा भागात आमचा तीस बाय पन्नासचा प्लॉट आहे. रस्ता पश्चिमेला आहे, मागे पूर्वेला शेजाऱ्यांचे दुमजली घर उभे आहे आणि उत्तरेचा प्लॉट अजून रिकामा आहे. दिवाळीनंतर तळमजला आणि त्यावर एक मजला असे बांधकाम सुरू करण्याचा विचार आहे. नकाशा काढणाऱ्यांनी रस्त्याच्या बाजूला, म्हणजे थेट पश्चिमेला, दिवाणखान्याची मोठी काच दाखवली आहे, आणि उन्हाळ्याचा विषय काढला की ठेकेदाराचे उत्तर ठरलेले असते, "स्लॅब टाका, एसी बसवा, कशाला डोक्याला ताप करून घेता?"

घरात आई-बाबा दिवसभर असतात. आम्ही दोघे सकाळी नऊला निघतो आणि संध्याकाळी सातनंतर परततो. जाड भिंती, मधला चौक, गच्चीवर उलटी मडकी, चुन्याचा हात, वाळ्याच्या ताट्या, जमिनीखालून आणलेली गार हवा अशा अनेक गोष्टी वाचनात आल्या, परंतु त्यांतले बहुतेक दाखले राजस्थानचे नाहीतर केरळचे आहेत. आपल्याकडे दोन महिने कोरडी भट्टी आणि लगेच त्यानंतर चार महिने दमट हवा असते. या हवेत कोणती युक्ती उपयोगी पडते आणि कोणती नुसती देखणी दिसते, हे ज्यांनी अनुभवले आहे किंवा ज्यांना त्यामागचे कारण ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_नकाशा

सुरुवात सूर्यापासून करू, कारण बाकीचे सारे त्याच्यावर ठरते. नागपूर सुमारे २१.१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि काही क्षण सावली नाहीशी होते. रोहिणी नक्षत्र लागते तेही त्याच सुमारास आणि नवतपाही, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवसही, तेव्हाच सुरू होतात. २०१३ मध्ये नोंदले गेलेले ४७.९ अंश तापमान मे महिन्यातलेच. या काळात दक्षिणेच्या भिंतीवर जवळपास ऊनच पडत नाही. सगळा मारा गच्चीवर असतो, सकाळी पूर्वेच्या भिंतीवर आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. पैसा कुठे घालायचा याचा क्रम इथेच ठरला: आधी गच्ची, मग पश्चिम, मग पूर्व, दक्षिणेची काळजी नाममात्र.

आता छज्जा पाहू. दक्षिणेला १२० सेंटिमीटर उंचीची खिडकी असेल आणि तिच्या लगेच वर ४५ सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर मार्चच्या विषुवदिनी दुपारी सूर्य सुमारे ६९ अंशांवर असल्यामुळे अख्खी खिडकी सावलीत जाते. आणि २१ डिसेंबरला तो ४५ अंशांपर्यंतच चढत असल्यामुळे थंडीत हवे असलेले कोवळे ऊन आत येते. हाच छज्जा पश्चिमेला लावला तर मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य जेमतेम २५ अंशांवर असतो, आणि छज्जाची सावली खिडकीवर वीतभर उतरते. उरलेल्या खिडकीतून ऊन थेट सोफ्यावर येऊन बसते. म्हणून आपल्या नकाशातली पश्चिमेची काच रद्द करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्याकडे तोंड हवेच असेल, तर तिथे जिना, संडास-बाथरूम, गाडी ठेवण्याची जागा असे काही घ्यावे, आणि उघडी जागा ठेवायची झाल्यास विटांची जाळी किंवा उभ्या पट्ट्या घालाव्यात.

उत्तरेबद्दल एक गैरसमज आढळतो. उत्तर म्हणजे कायम सावली, हे पुण्या-मुंबईप्रमाणे आपल्याकडेही उन्हाळ्यात खरे नाही. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन लागते. तिथे छज्जाबरोबर बाजूला एक उभी पडदी काढली की काम भागते.

महालातला_वाडा

माझे बालपण महाल भागातल्या वाड्यात गेले. जुन्या घरांचे कौतुक करणाऱ्यांना वाडा कसा वापरला जाई हे बहुधा माहीत नसते, म्हणून ते सांगतो.

आमच्या तळमजल्याच्या भिंती हातभर जाडीच्या होत्या. सकाळी नऊच्या आत रस्त्याकडची आणि चौकातली दारे लोटली जात. खिडक्यांना काच नव्हती, सागाच्या भरीव झडपा होत्या. माजघरात भर दुपारी इतका अंधार असे की धान्य निवडायला आजी दाराच्या फटीजवळ सरकून बसे. शहाबादी फरशीवर नुसती चटई टाकून माणसे झोपत. ओसरीवरून आत पाऊल टाकले की झळा एकदम थांबत. हे सगळे खरे आहे.

परंतु रात्री त्या माजघरात कोणीही झोपत नसे. तिन्हीसांजेला चौकात सडा पडे, गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी ओतले जाई आणि नऊच्या सुमारास गाद्या वर जात. आजारी माणूस आणि बाळंतीण सोडली तर सारे घर चांदण्यात. कारण सरळ होते: दिवसभर भिंतींनी घेतलेली उष्णता रात्री आत उतरू लागे, आणि माडीवर तर मध्यरात्रीपर्यंत पाऊल ठरत नसे. थोडक्यात, तो वाडा दुपारपुरता होता आणि रात्रीसाठी आकाश होते. आज गच्चीवर झोपणे डास, चोऱ्या, शेजारच्या उंच इमारती यांमुळे मागे पडले. आपण दोघे तर दुपारी घरात नसताच. आपल्याला घर हवे आहे ते नेमके त्या वेळी, ज्या वेळी वाड्यातले लोक बाहेर पडत. वाड्याची नक्कल करण्याआधी याचा विचार व्हावा.

शंकासुर

वर लिहिलेल्या शेवटच्या परिच्छेदाला माझे पूर्ण अनुमोदन आहे, आणि म्हणूनच या साऱ्या परंपरेबद्दल मला शंका आहे. रात्री खिडक्या उघडून घर गार करा, असे प्रत्येक लेखात लिहिलेले असते. मे महिन्यात नागपूरचे किमान तापमान सरासरी २८ अंशांच्या आसपास असते, आणि नवतपात ते तिशीच्या वरही राहते, तेही पहाटेचे. रात्री अकराला बाहेर ३५ अंश असताना खिडकी उघडून काय गार होणार? मग माणसाने सरळ एसी लावावा, विजेचे बिल भरावे आणि शांत झोपावे. मडकी आणि शेणसारवण हे ज्यांच्या घरी दुसरा पर्याय आहे त्यांचे हौसेचे विषय आहेत.

जुना_नकाशा

शंकासुर यांचा आक्षेप योग्य जागी लागलेला आहे, म्हणून त्याला आकड्यांत उत्तर देतो.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पडलेली उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला वेळ लागतो. नऊ इंची विटेच्या, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या भिंतीत हा वेळ साधारण सात-आठ तासांचा असतो. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीत तो बारा तासांच्या पुढे जातो. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबमध्ये मात्र तीन-चार तासच. आता पश्चिमेची नऊ इंची भिंत घ्या. तिच्यावर ऊन कडक होते ते संध्याकाळी चार-पाचला, आणि ती आतून सर्वांत गरम होते रात्री बारा-एकला, जेव्हा तिला टेकून पलंग ठेवलेला असतो. स्लॅबचे म्हणाल तर दुपारी एकचे ऊन चार-साडेचारला छताखाली उतरते आणि रात्री उशिरापर्यंत उतरत राहते. पंखा लावला की तीच गरम हवा खाली ढकलली जाते. एसी लावला तरी तो रात्रीचा अर्धा वेळ त्या स्लॅबशीच झुंजत असतो.

म्हणून मी घराचे दोन भाग मानतो. आई-बाबा दिवसभर जिथे वावरणार, त्या तळमजल्यावर जड बांधकाम चांगले: नऊ इंची वीट, शहाबादी किंवा कोटा फरशी, कमी उघडी जागा आणि चारी बाजूंनी सावली. वर स्लॅब येतो, परंतु त्यावर आणखी एक मजला असल्यामुळे सूर्याचा थेट मारा त्याला लागत नाही. वरच्या शयनगृहांच्या भिंती याउलट हलक्या आणि उष्णता अडवणाऱ्या असाव्यात, म्हणजे त्यांत दिवसभराची उष्णता साठणार नाही आणि रात्री हवा खेळू लागताच खोली लवकर निवेल. आठ इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीट ठोकळ्यांच्या भिंतीतून नऊ इंची विटेच्या मानाने निम्म्याहून कमी उष्णता जाते. इथे एक खबरदारी सांगतो: कोराडी-खापरखेडा परिसरातल्या औष्णिक वीज केंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटा मुबलक मिळतात आणि ठेकेदार त्या "थंड विटा" म्हणून खपवतात. पक्की राखेची वीट उष्णता वाहून नेण्यात मातीच्या विटेसारखीच असते. ती घ्यावी, कारण राख सत्कारणी लागते आणि शेतातली माती वाचते. गारव्यासाठी एएसी ब्लॉक ही वेगळी वस्तू आहे.

रात्रीच्या हवेबद्दल इतकेच म्हणतो की एप्रिलचा बराचसा काळ आणि मेचे पहिले काही दिवस मध्यरात्रीनंतर ती उपयोगी पडते. पहाटे चार ते सात हा वेळ तर संपूर्ण उन्हाळाभर उपयोगी असतो. नवतपातल्या आठ-दहा रात्री तिच्यावर विसंबू नये.

वाळा_मोगरा

इथपर्यंत कोणीच कूलरचे नाव काढले नाही, याचे आश्चर्य वाटले! नागपुरात होळी आटोपली की प्रत्येक गल्लीत कूलर बाहेर निघतात, ताट्या बदलल्या जातात आणि लोखंडी टाक्यांना रंग लागतो. वाळ्याची ताटी दारात टांगून तिच्यावर पाणी शिंपडण्याची जी जुनी रीत होती, तिचेच हे पंखा जोडलेले रूप आहे.

तो इतका गार का करतो, हे समजून घेतले की घराचा नकाशाही बदलतो. मेमध्ये दुपारी हवा ४३ अंश असते आणि तिच्यात आर्द्रता २० टक्क्यांच्या जवळपास. अशा हवेत ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २४ अंश दाखवतो. चांगल्या ताट्यांचा कूलर त्या दिशेने तीन चतुर्थांश वाट चालतो आणि खोलीत २८-२९ अंशांची हवा सोडतो. जुलैमध्ये हवा ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असते, तेव्हा हेच यंत्र दोन-अडीच अंशांपलीकडे काही करू शकत नाही आणि गाद्या दमट करते. मृग लागून पाऊस स्थिरावला की कूलर बंद, हा नियम त्यासाठीच आहे.

नकाशात दोन गोष्टींची तरतूद आधीच करून घ्यावी. पहिली म्हणजे कूलरची जागा: तो पश्चिमेच्या उन्हात लोंबकळत ठेवू नये. उत्तरेच्या बाजूला, खिडकीच्या तळाशी, पक्क्या कट्ट्यावर, नळ आणि सांडपाण्याचा निचरा हाताशी असेल असा ठेवावा, म्हणजे दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासता येते. डेंग्यूच्या अळ्या तिथेच होतात, आणि ही धुलाई बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते, म्हणून कट्टा कमरेच्या उंचीपेक्षा वर नको. दुसरी गोष्ट म्हणजे हवेला बाहेर पडायची वाट. कूलर जितकी हवा आत फेकतो तितकी बाहेर गेली नाही, तर खोलीत घुसमट आणि चिकचिक होते, आणि लोक म्हणतात कूलर खराब आहे. समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला झडप हवी.

पाण्याचाही हिशेब करावा. तासाला ४,००० घनमीटर हवा फेकणारा मोठा कूलर भर दुपारी तासाला २०-२५ लिटर पाणी उडवतो. पेंच आणि कन्हानच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात हे थोडे नाही, म्हणून आधी सावली आणि मगच कूलर असा क्रम ठेवला तर लहान कूलरवर भागते.

बेसा_१५००

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवसाचे घर आणि रात्रीचे घर ही मांडणी डोळे उघडणारी आहे, आणि पश्चिमेची काच आजच रद्द करायला सांगितली आहे. आता तीन प्रश्न उरतात. गच्चीचे नेमके काय करावे: मडकी, चुना, चायना मोझेक, की हिरवी नेट? दुसरे, आठ बाय आठचा छोटा चौक मधोमध घ्यावा अशी वडिलांची फार इच्छा आहे. त्यात अर्थ आहे का? आणि तिसरे, जमिनीखाली पाइप घालून गार हवा घेण्याबद्दल कोणी काहीच लिहिले नाही.

जुना_नकाशा

तिसऱ्याचे उत्तर लहान आहे. तीन-चार मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे सुमारे २७ अंश राहते, त्यामुळे कल्पना चुकीची नाही. परंतु आपल्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपचे सांधे उघडते. शिवाय दमट महिन्यांत पाइपात पाणी साचून बुरशी धरते. पंधराशे फुटांच्या प्लॉटवर या वाटेला जाऊ नये.

गच्चीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण वरच्या मजल्याचे सुख-दुःख तिच्यावर आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेनुसार छतातून जाणाऱ्या उष्णतेचे माप, ज्याला यू-मूल्य म्हणतात, दर चौरस मीटरला १.२ वॉट प्रति अंश यापेक्षा जास्त नसावे. नुसत्या काँक्रीट स्लॅबचे हे मूल्य तीनच्या वर असते. स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगसह, ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएसचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या दाट फोमच्या पाट्यांचा थर घालून त्यावर कोबा आणि पांढरा चायना मोझेक केला की ते ०.५ च्या आसपास उतरते. हा थर स्लॅबच्या वरच हवा. खालून पीओपीच्या छतामागे घातला तर स्लॅब उन्हात तापतच राहतो, फुगतो-आकसतो, आणि भेगा पडून गळती सुरू होते.

मडक्यांची पद्धत जुनी आणि सच्ची आहे: स्लॅबवर मडकी पालथी मांडायची, मधल्या जागेत विटांचे तुकडे आणि चुन्याचे मिश्रण भरायचे, वर फरशी. मडक्यातली कोंडलेली हवा उष्णता अडवते, मात्र मधल्या भरावातून ती उतरतेच, त्यामुळे लाभ एक्सपीएसपेक्षा कमी पडतो. खरी अडचण वजनाची आहे. चार इंची ओला कोबा चौरस मीटरला १८०-२०० किलोपर्यंत भरतो, आणि वापरातल्या गच्चीसाठी माणसांचे, सामानाचे म्हणून जे वजन धरले जाते ते १५० किलो आहे. हा भराव डिझाइन करणाऱ्या अभियंत्याला आधी सांगितला तर काही बिघडत नाही. स्लॅब पडल्यावर हौस म्हणून रचला तर बिघडते. त्याखाली गळती लागली तर ती शोधणे हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

चुना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी लेखलेला उपाय आहे. ताजा पांढरा चुना सूर्यप्रकाशाचा बहुतेक भाग परत फेकतो. काळवंडलेले सिमेंट त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त पिऊन टाकते. अहमदाबादने २०१३ पासून उष्णतेचा जो कृती आराखडा राबवला, त्यात पुढे झोपडवस्त्यांची छपरे पांढरी करण्यावर भर दिला गेला तो याच कारणाने. दोष एकच, की आपल्याकडच्या धुळीने दोन महिन्यांत चुना मळतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. म्हणून दरवर्षी मार्चमध्ये नवा हात द्यावा लागतो. जुन्या घरात राहणाऱ्यांनी तरी याच्यापासूनच सुरुवात करावी.

महालातला_वाडा

चौकाबद्दल वडिलांशी मी सहमत आहे, काही अटींवर. चौक काम करतो तो सावलीमुळे आणि रात्रीच्या मोकळ्या आकाशामुळे: रात्री त्याची जमीन आकाशाकडे उष्णता सोडते, गार हवा जड असल्याने तळाशी बसते आणि सकाळपर्यंत ओसरीत पसरते. यासाठी तो उंचीच्या मानाने अरुंद असावा. आठ बाय आठ आणि दोन मजले उंच हे प्रमाण चांगले आहे. परंतु वर सांगितल्याप्रमाणे मेअखेर दुपारी सूर्य सरळ डोक्यावरून आत उतरतो. कितीही खोल चौक असला तरी त्या दीड-दोन तासांत तळ तापतोच. आमच्याकडे दुपारी चौकावर जाड कापडाचा पडदा दोरीने ओढला जाई आणि सूर्य कलला की उघडला जाई. आज हिरवी नेट रुळावर सरकवता येते. कायमची ताणून ठेवली तर रात्रीचा लाभ कमी होतो. माकडांसाठी लोखंडी जाळी, डासांसाठी आतल्या दारांना बारीक जाळी आणि पावसासाठी तळाशी चार इंची निचरा, हे न विसरता करावे.

मात्र काही लोक चौकावर पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक छत कायमचे बसवतात, ते करू नये. उजेड येतो, पाऊस अडतो, आणि घराच्या पोटात एक भट्टी तयार होते.

शंकासुर

वाचता वाचता माझाही सूर थोडा बदलला, हे कबूल करतो. तरी एसीच्या विरोधातला आवेश मला मान्य नाही. नवतपातल्या रात्री वयस्क आई-बाबांना उकाड्यात ठेवणे हे धोक्याचे आहे. माझी सूचना अशी की वरच्या एका आणि खालच्या एका खोलीत एसीची तरतूद ठेवावी, त्या दोन खोल्यांच्या खिडक्या घट्ट लागतील अशा कराव्यात, आणि बाकी घर वरच्या पद्धतीने बांधावे. छत आणि पश्चिम नीट केली असेल तर दीड टनाच्या जागी एक टन पुरेल.

गच्चीवर सावलीच हवी असेल तर सोलर पॅनेल का लावू नयेत? एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे तीन किलोवॉटचे पॅनेल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर बसवले की ३०० फूट गच्ची सावलीत जाते, खालून वारा खेळतो आणि कपडे वाळत घालता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ज्या उन्हाने घर तापते, तेच दुपारचा कूलर चालवते. फक्त सांगाडा वादळाला टिकेल असा करून घ्यावा. मे महिन्यातली अवकाळी वादळे हिरव्या नेट शेजारच्या गल्लीत नेऊन टाकतात, पॅनेल गेले तर प्रकरण गंभीर होईल.

सागाची_पाने

झाडांबद्दल दोन शब्द, कारण पश्चिमेला रस्ता असल्याने जागा तिथेच आहे. विदर्भात प्लॉटच्या कडेला साग लावण्याची मोठी हौस आहे. लाकूड म्हणून तो उत्तम, सावलीसाठी निरुपयोगी. फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत त्याच्या नुसत्या काड्या उभ्या असतात. पळस आणि पांगाराही उन्हाळ्याच्या सुरुवातीला निष्पर्ण. कडुनिंब मात्र थंडीच्या शेवटी पाने टाकतो आणि एप्रिल येईतो पुन्हा हिरवागार होतो. करंजही त्याच चालीचा आहे. पश्चिमेला भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून एक कडुनिंब आणि खालच्या भागात जाळीवर मधुमालती, एवढे पुरे. पहिली पाच-सहा वर्षे झाड लहान असेल, तोवर वेल आणि बांबूच्या चिकांचे पडदे वेळ मारून नेतात. काळ्या मातीत झाड पायाला लागून लावू नये, मुळे ओल ओढून घेतात आणि पाया खचण्याची भीती असते.

सेवाग्राम इथून तास-दीड तासाच्या वाटेवर आहे. तिथली गांधीजींची बापू कुटी दुपारी दोनला जाऊन पाहावी: मातीच्या भिंती, बुटके छप्पर, चारी बाजूंनी खाली उतरलेली कवेलू, आणि भिंतीला ऊन स्पर्शच करणार नाही इतकी खोल पडवी. १९३६ नंतरच्या त्या बांधकामात महाग काहीच नाही, सावली मात्र पुरेपूर आहे.

बेसा_१५००

शेवटचा प्रश्न. चौक, कूलर आणि जिना या तिन्हींचा मेळ कसा घालावा? पावसाळ्यात घर कोंदट होऊ नये, हीही काळजी आहे.

जुना_नकाशा

जिना चौकाला लागून घ्यावा आणि गच्चीवरचा त्याचा माथा नेहमीपेक्षा तीन-चार फूट उंच काढावा. माथ्याच्या पूर्वेला आणि उत्तरेला, छताला लागून, उघड-बंद करता येणाऱ्या झडपा ठेवाव्यात. दोरी खाली तळमजल्यापर्यंत आणावी, कारण रोज गच्चीवर जाऊन झडप उघडण्याचा उत्साह चार दिवस टिकतो. कूलर उत्तरेच्या कट्ट्यावरून दिवाणखान्यात हवा सोडेल, ती जिन्यातून वर चढेल आणि माथ्यातून बाहेर पडेल. वाटेत वरच्या मजल्याचा बोळही निवतो. वीज गेली तरी गरम हवा आपोआप वर सरकते आणि चौकाकडून हवा आत येणे चालू राहते, वेग कमी होतो इतकेच.

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठला खालच्या खिडक्या, झडपा आणि पडदे बंद करावेत. ज्या खोलीत कूलर चालू असेल तिथली वाट आणि माथ्याची झडप तेवढी उघडी ठेवावी. रात्री उशिरा, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार लागू लागली की सगळे उघडावे. पावसाळ्यात हीच सवय उलटी करायची: दिवसभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखे चालू, कूलर झाकून ठेवलेला. म्हणून प्रत्येक खोलीला दोन बाजूंना उघडी जागा हवी आणि प्रत्येक खिडकीला घट्ट लागणारी झडपही हवी. सरकत्या काचेच्या खिडक्यांची अर्धी जागा कायम बंद राहते, त्यामुळे कितीही सुबक दिसल्या तरी दारासारख्या उघडणाऱ्या पल्ल्यांच्या घ्याव्यात. सुताराचा दर थोडा जास्त पडेल.

नकाशा बदलून आला की त्यातली उत्तर दिशा, खिडक्यांची उंची आणि छज्जांचे माप लिहून इथे टाकावे. सेंट्रिंग लागण्याआधी एकदा सगळे मिळून तपासू.